जुन्या गार्डन ट्रॅक्टरला डिझेल इंजिन बसवताय? आधी मापं, मग कोटेशन



या आठवड्याच्या व्हिडिओत मी माझी जुनी वही उघडून दाखवली. तिच्या एका पानावर खाली लाल पेनाने २१,५०० लिहिलंय आणि त्याच्यापुढे उणेचं चिन्ह आहे. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून त्या पानामागचा हिशेब आणि मापं इथे सविस्तर लिहितोय. फॅब्रिकेशन, गॅरेज किंवा अवजारं दुरुस्तीचा धंदा सुरू करायचा विचार असेल, तर वही-पेन घेऊनच बसा.

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी माझं छोटं वर्कशॉप होतं. एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, दोन ग्राइंडर, मी आणि एक हेल्पर. लेथचं काम बाहेरून करून घ्यायचो. एक दिवस मुळशीकडच्या एका कृषी पर्यटन केंद्राचे मालक आले. त्यांच्याकडे परदेशी बनावटीचा जुना गार्डन ट्रॅक्टर होता. माणूस वर बसून चालवतो, पोटाखाली गवत कापायचा डेक, मागे छोटी ट्रॉली. इंजिन १६ एचपीचं, एका सिलिंडरचं पेट्रोल. ते जाम झालं होतं. पिस्टन, कनेक्टिंग रॉड बाहेरून मागवायचे तर महिनोन्‌महिने थांबायचं. गिअरबॉक्स मात्र ठणठणीत होता.

मालक म्हणाले, "दादा, आमच्याकडे जनरेटर डिझेलचा, मोठा ट्रॅक्टर डिझेलचा. याला पण डिझेलच टाकून द्या. किती घ्याल?"

मी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि ६८,००० सांगितले. तिथेच, उभ्या उभ्या. तेही लगेच हो म्हणाले. गिऱ्हाईक इतक्या पटकन हो म्हणालं की मला आजही धास्ती वाटते.

माझा हिशेब असा होता. बाजारात १० एचपीचं एअर-कूल्ड डिझेल इंजिन मिळतं, एक सिलिंडर, साधारण ४१८ सीसी, वजन पन्नास किलोच्या आतबाहेर. सेल्फ स्टार्टसकट ते मला ४१,५०० ला पडत होतं. प्लेट, अँगल आणि लेथचे ८,०००. दोघांची चार दिवसांची मजुरी, रोजचे १,६०० प्रमाणे ६,४००. एकूण ५५,९००. म्हणजे १२,१०० सुटणार. चार दिवसांत बारा हजार! घरी जाताना पेढे घेऊन गेलो होतो.

एचपीचा घोळ

पहिली चूक इंजिन निवडतानाच झाली. "डिझेलचा १० एचपी म्हणजे पेट्रोलचा २०" हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. गॅरेजमध्ये सगळे म्हणतात, मी पण म्हणायचो. जरा आकडे घालून बघू.

इंजिनचा पीळ, म्हणजे टॉर्क, काढायचं सोपं सूत्र आहे. एचपी गुणिले ७१६, भागिले आरपीएम. उत्तर किलोग्रॅम-मीटरमध्ये येतं. जुनं इंजिन १६ एचपी, ३६०० आरपीएम, टॉर्क ३.१८. नवीन १० एचपी, ३६०० आरपीएम, टॉर्क १.९९. म्हणजे नवीन इंजिनात जुन्याच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी जोर. डिझेल आहे म्हणून कुठून वरचा जोर येणार? डिझेलचा गुण वेगळा आहे. लोड आला की ते एकदम मान टाकत नाही, कमी फेऱ्यांवरही ओढत राहतं. तो गुण खरा आहे, पण त्याने १० चे १६ होत नाहीत.

मग कोणी म्हणेल, आपल्याकडे पंपाला आणि टिलरला असतं तसं आडवं, पाणी-थंड १२ एचपीचं इंजिन टाकू, २००० आरपीएमवाल्याचं. त्याचा टॉर्क काढा, ४.३ येतो. वा! पेट्रोलपेक्षा जास्त! थांबा. या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला आणि डेकला ३६०० फेरे लागतात. २००० चे ३६०० करायचे म्हणजे पुलीने वेग वाढवायचा, आणि वेग जितका वाढवाल तितका टॉर्क घटतो. ४.३ गुणिले २०००, भागिले ३६००, उत्तर २.३९. एवढाच राहिला. पुली फेरे आणि जोर यांची अदलाबदल करून देते, नवा जोर तयार करत नाही. शिवाय ते इंजिन १४० किलोच्या पुढे जातं. गार्डन ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या इंजिनासाठी बनवलेला. स्टिअरिंग फिरवताना हात भरून येतील आणि एखाद्या खड्ड्यात एक्सल वाकेल.

आणखी एक. स्टिकरवरचा १० हा आकडा बहुतेक वेळा कमाल ताकदीचा असतो. दिवसभर सतत चालवायचा आकडा त्याहून कमी. माहितीपत्रकात दोन्ही दिलेले असतात, बारीक अक्षरात. कोटेशन बारीक अक्षरातल्या आकड्यावर करा.

मग माझं इंजिन चाललं का? चाललं. ट्रॉली आरामात ओढली, उन्हाळ्यातलं गवत कापलं. पावसाळ्यात गुडघाभर ओल्या गवतात काळा धूर सोडायला लागलं. ड्रायव्हरला पहिल्या गिअरमध्ये, डेक वर उचलून दोनदा कापावं लागायचं. हे मालकांना मी आधी सांगायला हवं होतं. आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर ती सबब होते. पुरा १६ एचपीचा जोर हवा असेल तर दोन किंवा तीन सिलिंडरचं, छोटं पाणी-थंड इंजिन बघावं लागतं. अमेरिकेत हौशी लोक अशा ट्रॅक्टरना कुबोटाची छोटी इंजिनं लावतात, त्यातलं ७१९ सीसीचं तीन सिलिंडरवालं फार लोकप्रिय आहे. पण त्याला रेडिएटर, पंखा आणि जागा लागते, आणि गिऱ्हाइकाचं बजेट तर लागतंच.

जाता जाता सांगतो, एवढं लहान डिझेल इंजिन बनतच नाही असं एकेकाळी सगळे समजत होते. यानमार कंपनीच्या मागोकिची यामाओका यांनी जपानमध्ये १९३३ साली ते वापरण्याजोगं करून दाखवलं, तेही शेतकऱ्याचं काम हलकं करायचं म्हणून. आज आपण जी एअर-कूल्ड इंजिनं दुकानातून उचलून आणतो, त्यातली बरीच यानमारच्याच घडणीवर बेतलेली दिसतात.

०.४ मिलिमीटर

आता पुलीची गोष्ट. वहीत पुल्यांसमोर ३,९०० लिहिलंय, आणि लागणारी पुली एकच होती.

जुन्या इंजिनाचा शाफ्ट एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटर. मी त्याच बोअरची पुली लेथवाल्याकडून करून घेतली, इंजिन यायच्या आधीच, वेळ वाचावा म्हणून. इंजिन आलं, शाफ्ट निघाला २५ मिलिमीटरचा. फरक ०.४. हाताला नुसता लागतो, डोळ्याला दिसत नाही. मी चावी ठोकून घट्ट बसवली आणि चालू केलं. एका सिलिंडरच्या डिझेलचा प्रत्येक धक्का हातोडीसारखा असतो. अर्ध्या तासात पुलीतली चावीची खाच खाऊन गेली. नशीब, शाफ्ट वाचला.

दुसरी पुली बोअरला बरोबर बसली, पण व्यास चुकला. ३६०० वर हे इंजिन फार ओरडत होतं, म्हणून ते ३००० वर चालवायचं ठरवलं. जुनी पुली ४ इंचाची. गिअरबॉक्सला तेवढेच फेरे मिळायला हवेत, तर ४ गुणिले ३६००, भागिले ३०००, म्हणजे ४.८ इंच. मी ४ इंचाचीच करून बसलो होतो. ट्रॅक्टर बैलगाडीसारखा चालायला लागला. तिसरी पुली बरोबर निघाली.

उलट बाजूची चूक जास्त वाईट. पुली गरजेपेक्षा मोठी झाली तर डेकची पाती ठरल्यापेक्षा जोरात फिरतात. गवत कापायच्या मशीनसाठी अमेरिकन मानकात पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या आत ठेवायचा नियम आहे. १८ इंची पातं ३६०० ला फिरलं तर टोक साधारण १७,००० ला पोचतं. म्हणजे मोकळीक फार नाही. टॅकोमीटर काही हजारांत मिळतो, अंदाजाने आरपीएम ठरवू नका.

फिरायची दिशा पण बघा. इंजिन चुकीच्या दिशेने फिरणारं आलं तर ट्रॅक्टरला एक गिअर पुढचा आणि बाकीचे रिव्हर्स होतील! काही छोट्या डिझेल इंजिनांत शाफ्ट कॅमशाफ्टवरून काढलेला असतो, त्याचे फेरे निम्मे असतात. ऑर्डर देताना हे तोंडी विचारू नका, लिहून घ्या.

आणि शाफ्ट आडवा की उभा? हा प्रश्न खरं तर सगळ्यात पहिला. स्वस्तातल्या लॉन ट्रॅक्टरमध्ये इंजिन उभ्या शाफ्टचं असतं, शाफ्ट खाली जमिनीकडे बघतो आणि पट्टा आडवा पडलेला असतो. आडव्या शाफ्टचं डिझेल तिथे बसवायचं म्हणजे अख्खी चेसिसच नव्याने बनवायची. असं काम आलं तर चहा पाजा आणि नाही म्हणा. मी नंतर दोन कामं अशीच नाकारली.

सीट स्विच

आता ते, ज्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसलो.

ट्रायल झाली, पैसे मिळाले नव्हते, पण मी खूश होतो. तिथले माळीकाका ट्रॅक्टर चालवत होते. सात-आठ वर्षं तेच चालवायचे. डेकखाली फांदी अडकली. काका सवयीप्रमाणे सीटवरून उतरले आणि फांदी ओढायला खाली वाकले. इंजिन चालू. पाती फिरताहेत. काकांचा हात डेकच्या तोंडाशी.

मी ओरडलो. त्यांनी हात मागे घेतला. काही झालं नाही.

काका म्हणाले, "हा तर उठलं की बंद पडायचा ना?"

बरोबर होतं त्यांचं. या ट्रॅक्टरच्या सीटखाली एक स्विच असतो. माणूस उठला की पेट्रोल इंजिनची ठिणगी तोडतो, इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नसते! जुनी वायरिंग मी जशीच्या तशी ठेवली होती, किल्ली फिरवली की सेल्फ लागत होता, म्हणून वाटलं सगळं जोडलंय. प्रत्यक्षात तो स्विच कशालाच जोडलेला नव्हता. किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नव्हतं. बंद करायला मी इंजिनवरचा लिव्हर दाखवला होता, आणि काम संपल्यासारखं वाटत होतं.

डिझेल इंजिन बंद करायचं म्हणजे त्याचं डिझेल तोडायचं. त्यासाठी स्टॉप सोलेनॉइड मिळतो. दोन प्रकारचे असतात. एकाला करंट दिला की इंजिन बंद होतं. दुसऱ्याला करंट चालू असेपर्यंतच इंजिन चालतं, करंट गेला की स्प्रिंग लिव्हर ओढून डिझेल तोडतं. इथे दुसराच घ्या. वायर तुटली, फ्यूज उडाला, बॅटरीचं टर्मिनल निघालं, काहीही झालं तरी इंजिन बंदच पडेल. किल्ली, सीटचा स्विच आणि डेकचा स्विच त्याच सर्किटमध्ये घ्या. काम झाल्यावर जॅक लावून चाकं उचला, डेक चालू करा, आणि कुणाला तरी सीटवरून उठायला सांगा. स्वतः बाजूला उभं राहून बघा.

मी त्याच दिवशी ट्रॅक्टर टेम्पोत घालून परत आणला. मालक म्हणाले, "अहो राहू द्या, काका सांभाळून घेतील." मी ऐकलं नाही. त्या फेरीचे पैसे, सोलेनॉइड, वायरिंग आणि दोन दिवस गेले. वहीतल्या तोट्यातला तेवढाच खर्च मला कधी बोचला नाही.

बाकीचं पटापट

थरथर. एका सिलिंडरचं इंजिन पातळ पत्र्याच्या चेसिसला थेट बोल्ट केलं तर आठवड्यात तडे जातात. नुसत्या रबरावर ठेवलं तर पट्टा इंजिनाला ओढून तिरकं करतो. मी शेवटी १० मिलिमीटरची प्लेट टाकली, ती चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना आडव्या अँगलने बांधली, इंजिन प्लेटला घट्ट, आणि सगळीकडे लॉक नट. दहा तास चालल्यावर प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळायचा, हे गिऱ्हाइकाला लिहून द्या.

गरम हवा. एअर-कूल्ड इंजिन बंद बॉनेटखाली आपलीच गरम हवा परत ओढून घेतं. पंख्याच्या तोंडासमोर जाळी कापून बाहेरची हवा द्या, गरम हवा बाहेर पडायला वेगळी वाट ठेवा. सायलेन्सरचं तोंड खाली वाळल्या गवतावर अजिबात नको.

टाकी. पेट्रोलची जुनी टाकी ठेवायची तर आतला गंज आणि राळ पूर्ण साफ करा. नॉझलकडून परत येणाऱ्या डिझेलसाठी टाकीला रिटर्नची नळी लागते, पेट्रोलच्या टाकीला ती नसते. फिल्टर चांगला लावा, आणि लाइनमधली हवा कशी काढायची ते ड्रायव्हरला हाताने करून दाखवा. नाहीतर टाकी कोरडी पडली की तुम्हालाच फोन येणार.

बॅटरी. पेट्रोलची छोटी बॅटरी डिझेलच्या कॉम्प्रेशनपुढे दम टाकते. मोठी बॅटरी, जाड केबल, आणि ती ठेवायला नवी जागा. माझ्या अंदाजात यातलं काहीच नव्हतं.

कागदपत्रं. हे मशीन खासगी आवारात चालणारं होतं. पण आरटीओत नोंदलेला मिनी ट्रॅक्टर आला तर आधी थांबा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आधी मालकाला आरटीओत पाठवा, मगच पाना हातात घ्या.

वहीचं पान

इंजिन ४१,५००. प्लेट, अँगल, लेथ ९,३००. पुल्या ३,९००. पट्टे १,४००. बॅटरी आणि केबल ५,६००. सोलेनॉइड आणि वायरिंग २,७००. सायलेन्सरचा पाइप २,२००. डिझेलच्या नळ्या आणि फिल्टर ८००. टेम्पो ४,५००. मजुरी चार दिवसांऐवजी अकरा दिवस, १७,६००. बेरीज ८९,५००. मिळाले ६८,०००.

नीट बघा. इंजिनची किंमत एका रुपयानेही चुकली नव्हती. चुकलं ते इंजिन आणि ट्रॅक्टर यांच्या मधलं सगळं. तेवढाच भाग मी बनवणार होतो आणि तेवढाच मी मोजला नव्हता.

पुढच्या कामापासून मी तपासणीचे वेगळे १,५०० घ्यायला लागलो. काम मिळालं तर बिलात वजा. गिऱ्हाईक कुरकुरतं, "नुसतं बघायचे पैसे?" मी सांगायचो, बघायचे नाहीत, मोजायचे. व्हर्निअर, टेप आणि टॅकोमीटर घेऊन जायचो. शाफ्टची दिशा, जाडी, जमिनीपासून उंची, इंजिनच्या बोल्टांची अंतरं, बॉनेटखालची लांबी-रुंदी-उंची, पुल्यांचे व्यास, आणि कुठले कुठले सुरक्षा स्विच आहेत ते. इंजिन हातात आल्याशिवाय लेथला काम द्यायचं नाही. मजुरीचे दिवस मनात येतील त्याच्या दुप्पट लिहायचे. कोटेशनमध्ये "हे इंजिन इतकं काम करेल, इतकं करणार नाही" अशी एक ओळ, आणि खाली गिऱ्हाइकाची सही.

तपासणीत कधी कधी असंही निघतं की जुनं पेट्रोल इंजिन बोअर करून चालेल, किंवा त्याच मापाचं नवीन पेट्रोल इंजिन त्याच बोल्टांवर बसेल. मग तेच सांगा. डिझेलची बचत दाखवून काम गळ्यात मारू नका. समजा तासाला एक लिटर वाचलं आणि ट्रॅक्टर वर्षाला दीडशे तास चालला, तर दीडशे लिटर. शंभर रुपये लिटर धरलं तरी १५,०००. माझे ६८,००० वसूल व्हायला साडेचार वर्षं लागतात, आणि गिऱ्हाईक हा हिशेब आज ना उद्या करतंच. डिझेल तिथेच बसवा जिथे जुन्याचे पार्ट मिळत नाहीत, इंधन आवारातच आहे आणि मशीन रोज चालतं.

मुळशीच्या मालकांनी दुसऱ्या वर्षी फवारणीच्या गाडीचं काम माझ्याकडेच दिलं. फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "मोजायला कधी येताय?"

मापांचा कोरा तक्ता मी व्हिडिओच्या शेवटी दाखवलाय, तिथे थांबवून वहीत उतरवून घ्या. घरी, शेतात, शेजाऱ्याकडे जे कुठलं जुनं इंजिन असेल त्याच्यावर एकदा भरून बघा. ज्या रकान्यात अडाल ते मला विचारा. पुढच्या आठवड्यात पट्टा आणि पुली यावरच बसू.